स्टॅग यांची कारकीर्द शिकागोत संपली नव्हती

माननीय संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग यांच्यावरील लेख वाचून वाईट वाटले आणि रागही आला. लेखकाने शिकागो विद्यापीठातील 40 वर्षांचे सविस्तर वर्णन केले. मात्र वयाच्या सत्तरीमुळे तेथून बाहेर पडावे लागल्यानंतरचे सगळे आयुष्य ‘लहानसहान महाविद्यालयांत’ गेले, असे एका वाक्यात सांगून विषय मिटवला.

त्या एका वाक्यात पाव शतक आहे. विद्यापीठाने देऊ केलेले मैदानाबाहेरचे पद नाकारून स्टॅग 1933 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले आणि तेथे 14 हंगाम त्यांनी अमेरिकन फुटबॉलचा संघ घडवला. 1943 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले गेले. पुढे पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात त्यांनी मुलाच्या जोडीने काम केले. लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला 1973 पासून त्यांचेच नाव आहे, याचाही लेखात उल्लेख नाही.

सुरुवातीचेही तसेच. 1890 मध्ये अमेरिकेतीलच स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या (तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेच्या) प्रशिक्षण संस्थेत मोजक्या विद्यार्थ्यांमधून त्यांनी फुटबॉलचा संघ उभा केला, त्यात जेम्स नेस्मिथ होते. पुढच्याच वर्षी नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला आणि 11 मार्च 1892 रोजी झालेल्या पहिल्या जाहीर सामन्यात शिक्षकांचा संघ 5-1 असा हरला, तेव्हा शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांनी मिळवला होता. फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही खेळांच्या मानाच्या दालनांत (हॉल ऑफ फेममध्ये) स्टॅग यांचा समावेश आहे. बास्केटबॉलशी त्यांचे नाते या लहान संस्थेतच जडले.

मला हे इतके का लागले, तेही सांगतो. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात बास्केटबॉल, कबड्डी आणि मैदानी खेळ एकच सर शिकवत असत. चेंडू शिवण्यापासून मैदान आखण्यापर्यंत सगळे तेच करीत. आमच्यातील काही जण विद्यापीठाच्या संघात निवडले गेले आणि तो संघ जिंकला, तेव्हा वृत्तपत्रात नाव आले ते विद्यापीठाच्या प्रशिक्षकांचे, ज्यांच्याकडे आम्ही जेमतेम शिबिरापुरते होतो. सरांनी ती बातमी आम्हाला स्वतः वाचून दाखवली आणि आमचे अभिनंदन केले. आपल्या नावाबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. आम्हीही वृत्तपत्राला कळवले नाही, याची खंत मला आजही आहे.

स्टॅग यांच्या स्प्रिंगफील्ड, स्टॉक्टन आणि सस्क्वेहाना येथील कामावर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. तसेच आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे निकाल आपण अलीकडे छापेनासे झाला आहात. संघासोबत प्रशिक्षकाचे नाव देऊन ते पुन्हा सुरू करावेत.

आपला,
एक जुना वाचक