औषध ‘चमच्या’त सांगू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होतो. मोजपात्रातला आकडा तिरक्या नजरेने वाचणाऱ्या पोरांवर रोज ओरडायचो, “डोळा पातळीत आण!” निवृत्तीनंतर हेच वाक्य घरात, आणि तेही स्वतःला, ऐकवायची वेळ आली.

नातू पाच वर्षांचा. डोक्यावर नाण्याएवढा चट्टा पडला, केस मुळाशी तुटलेले. मी म्हटलं, चाई असणार. घरात पडून असलेलं कसलंसं मलम आठवडाभर चोळलं. त्यात आठवडा तेवढा वाया गेला. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, तुटके केस आणि कोंडा खरवडून तपासायला पाठवला. निघाला डोक्यातला नायटा. बुरशी केसाच्या मुळाशी शिरली की वरून लावलेलं मलम तिथवर पोचत नाही, औषध पोटातूनच द्यावं लागतं, असं त्यांनी समजावलं. ग्रिझिओफुल्विन नावाचं पातळ औषध, रोज एकदा, १२ मिली, आठ आठवडे. तेही सायीच्या दुधाबरोबर, कारण स्निग्ध पदार्थ पोटात असले की हे औषध अंगी नीट लागतं.

इथवर सगळं ठीक. पण दुकानातून आलेल्या बाटलीवर पेनाने लिहिलं होतं, ‘अडीच चमचे’. सून विचारते, “बाबा, कुठला चमचा?” प्रश्न बिनतोड होता. मी घरातले दोन चमचे घेतले आणि सिरिंजने पाणी भरून पाहिलं. एकात चार मिली मावलं, दुसऱ्यात सात. म्हणजे तेच अडीच चमचे एकाने दहा मिली आणि दुसऱ्याने साडेसतरा! त्या दिवसापासून औषधाला चमचा लावला नाही. दहा मिलीची बिनसुईची सिरिंज आणली. ती दोनदा भरायची, आधी दहा, मग दोन. बुडबुडा आला तर टिचकी मारून वर काढायचा, कारण बुडबुड्यात औषध नसतं. पोराला ताठ बसवून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. घशात पिचकारी मारली तर ठसका लागतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी लागलाच. औषध दुधाच्या पेल्यात मात्र कालवू नये. पेला अर्धा राहिला तर किती पोटात गेलं, कोण सांगणार? आधी औषध, वरून दूध.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती लपवून हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. पहिले चार दिवस मी बाटली हलवलीच नाही. पाचव्या दिवशी उजेडात धरली तर तळाशी पांढरा थर. आयुष्यभर साका म्हणजे काय ते पोरांना दाखवणारा मी! वरचं निवळ दिलं, औषध तळाशी. लगेच डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, आजपासून नीट हलवा, राहिलेलं भरून काढायला जास्त देऊ नका. तीच गोष्ट चुकलेल्या मात्रेची. दोन दिवसांचं एकदम द्यायचं नाही.

दुसरा घोटाळा थोडक्यात टळला. सुनेने सकाळी औषध दिलं होतं आणि दुपारी मी सिरिंज भरून बसलो. नातूच ओरडला, “झालंय माझं!” आता देईल त्याने कॅलेंडरवर वेळ लिहून सही करायची. बाटली वरच्या कपाटात, कुलपात. औषधाला ‘गोड खाऊ’ म्हणायचं नाही, ही अट मी आजीलाही घातली आहे. ती पाळते, बहुतेक.

सगळ्यात कठीण काळ तिसऱ्या आठवड्यानंतरचा. चट्टा निवला, खाज गेली, की घरातले म्हणू लागतात, “पुरे झालं आता.” हे औषध बुरशीची वाढ रोखतं. ते नव्याने तयार होणाऱ्या केसात उतरतं, पण आधीचा बाधलेला केस वाढून बाहेर निघून जाईपर्यंत थांबावंच लागतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्याला घाई करता येत नाही. (गंमत अशी की हे औषध १९३९ साली एका बुरशीतूनच सापडलं. काट्याने काटा.) बंद कधी करायचं ते डॉक्टर पुन्हा तपासून ठरवतील. सुरुवातीला नातवाचं डोकं दुखायचं, तेही त्यांना कळवलं. अंगावर पुरळ, डोळे पिवळे, लघवी गडद, असं काही दिसलं तर वाट न पाहता गाठा, असं त्यांनी बजावलं आहे. या औषधावर ऊन बाधू शकतं म्हणून बाहेर जाताना टोपी, पण ती त्याची एकट्याची. कंगवाही वेगळा.

शेजारच्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर आला तेव्हा त्याची आई आमची बाटली मागायला आली. “बुरशीच ना तीही?” मी दिली नाही, थोडा वाईटपणा घेतला. तोंडातल्या त्या बुरशीवर हे औषध चालतच नाही, तिचं औषध निराळं. आणि मात्रा तर प्रत्येक मुलाच्या वजनावर ठरते.

माझी मागणी एवढीच आहे, की डॉक्टरांनी आणि औषधविक्रेत्यांनी मुलांच्या पातळ औषधाची मात्रा मिलीतच लिहावी, ठळक लिहावी, आणि मोजायचं साधन बाटलीबरोबरच द्यावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच चमचा सोडून मिलीत मात्रा लिहा असं सांगितलं आहे. पालकांनीही ‘अडीच चमचे’ ऐकलं की तिथेच विचारावं, “मिली किती?”

आमची बाटली १२० मिलीची, म्हणजे बरोबर दहा दिवसांची. काल पाचवी उघडली. पन्नासाव्या दिवशी ती संपली नाही, किंवा आधीच संपली, तर चूक माझी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक