काका, त्या बोटभर तारेसाठी

आदरणीय काकांना सप्रेम नमस्कार,

त्या दिवशी तुम्ही बाबांच्या गाडीचा दोष शोधून दिलात आणि मी घाईत नुसतं 'थँक्यू' म्हणून निघाले, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पॉइंटवाली (उघडमिट होणाऱ्या संपर्कांनी, म्हणजे पॉइंटनी, स्पार्क पाडणारी) जुनी गाडी सांभाळणाऱ्या आणखी कुणाची तरी हीच अडचण असेल.

बाबांची गाडी चार महिने छळत होती. सेल्फ मारला की लगेच सुरू, आयडलिंग एकसारखं. पण रस्त्याला लागून एक्सलरेटर अर्धा दाबला की मिसिंग आणि आचके. मी प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला. शेवटी इंजिन खोलण्यापर्यंत गोष्ट आली होती. गाडी विकून टाकावी असं मनात येऊन गेलं होतं, हे तुम्हाला तेव्हा बोलले नाही.

बॉनेट उघडायच्याही आधी तुम्ही विचारलंत, "एक्सलरेटर पूर्ण दाबला तर काय होतं?" तेव्हा गाडी सुधारते हे मला माहीत होतं, पण त्यात काही अर्थ असेल असं कधी वाटलं नव्हतं. "पेट्रोल कमी पडत असतं तर पूर्ण दाबल्यावर ती आणखी मेली असती, पोरी." मग इंजिन चालू ठेवून तुम्ही डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) जाणारी व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढलीत, तोंडात धरलीत आणि हवा ओढलीत. इंजिन तिथल्या तिथे अडखळलं. नळी सोडलीत, पुन्हा सुरळीत!

आयडलिंगला त्या नळीत ओढ नसते. थ्रॉटल थोडा उघडला की ओढ येते, डायफ्राम (नळीच्या टोकाचा लवचिक पडदा) पॉइंट बसवलेली आतली प्लेट फिरवतो आणि स्पार्क जरा आधी पडतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की ओढ जाते, प्लेट जागेवर येते. म्हणजे प्लेट सरकली की काहीतरी तुटत होतं.

कॅप आणि रोटर काढून पॉइंटला जाणारी ती तार तुम्ही माझ्या हातात दिलीत. वरून धडधाकट. मधे वाकवली तर लुळी पडली. आतले तांब्याचे तंतू तुटून दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. प्लेट सरकेल तशी इतकी वर्षं ती वाकत आली होती.

नवी तार मऊ, बारीक तंतूंची हवी आणि थोडी सैल सोडायला हवी, हे तुम्ही सांगितलंत. पॉइंटचा गॅप माझ्याकडूनच लावून घेतलात. पॉइंटची टाच कॅमच्या (मधल्या फिरत्या दांड्याच्या) उंचवट्यावर आणायची, 0.4 मिमीची फीलर गेज (मापाच्या जाडीची पाती) घालायची, पाती ओढताना पुसटशी अडकली पाहिजे. (आमच्या गाडीचं हे माप; दुसऱ्या गाडीचं तिच्या मॅन्युअलमध्ये बघावं.) गॅप बदलला की टायमिंगही (स्पार्क पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून तेही पुन्हा लावायला लावलंत. माझा हात दोनदा चुकला, पण तुम्ही स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून घेतला नाहीत. त्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत.

तुमच्या सांगण्याप्रमाणे प्लेटची अर्थिंगची तारही बदलली. तिचेही निम्मे तंतू गेले होते.

काल बाबांना शेजारी बसवून निघाले. ज्या हलक्या चढावर गाडी हटकून आचके द्यायची, तिथे त्यांनी सवयीने डॅशबोर्डला हात टेकवला. गाडी एका दमात वर गेली. हात त्यांनी बऱ्याच वेळाने काढला.

तुमची ऋणी,
पॉइंटचा गॅप लावायला शिकलेली तुमची विद्यार्थिनी