वंदनास पत्र: आपण चेफालूला जाऊया

पुणे,
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय वंदना,

तू पाठवलेलं टूरचं पत्रक दोनदा वाचलं. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी पॅरिस. रोज पहाटे बॅगा बसमध्ये आणि रोज रात्री नवं हॉटेल. काकूंच्या आजारपणात तू वर्षभर धावपळच केलीस. आता त्या हिंडूफिरू लागल्यात, दादा त्यांच्यापाशी राहायला तयार आहे, तर सुट्टीतही तुला पळवायचं माझ्या मनात येत नाही.

म्हणून माझं ऐक. आपण इटलीच्या सिसिली बेटावरच्या चेफालूला जाऊ आणि आठवडाभर तिथेच राहू. एकच गाव, एकच खोली, रोज तोच समुद्र.

पालेर्मोपासून पूर्वेला साधारण ७० किलोमीटरवर हे गाव आहे. पाठीशी ला रोक्का नावाचा २७० मीटर उंच कातळ, पुढ्यात पाणी आणि मधल्या पट्टीत घरं. माझी भाची मिलानला शिकते, ती जाऊन आली. तिच्या फोटोंत जुन्या बंदराची घरं बघितली तर भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या. तुला मालवणचं भरतीचं पाणी ठाऊक, त्यामुळे तुझ्या मनात पहिला प्रश्न हाच येईल, की ही घरं टिकतात कशी? भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच. पाणी फार तर वीत-दोन वीत चढतं-उतरतं. वादळी लाटा येतात, पण रोज दोनदा किनारा पुढे-मागे सरकत नाही. सकाळी चटई टाकलेली जागा संध्याकाळीही तिथेच असणार. समुद्राचं हे वागणं तू स्वतः बघावंस असं मला फार वाटतं.

आणि कॅथेड्रल! नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये ते बांधायला घेतलं. वेदीमागच्या अर्धघुमटात येशूचं भव्य मोझेक आहे, सोनेरी काचेच्या तुकड्यांच्या पार्श्वभूमीवर. साल ११४८. त्याच्या हातात उघडं पुस्तक आहे, एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन. वाक्य एकच: मी जगाचा प्रकाश आहे. काम बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, कारागिरांचं, राजा उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांचा, आणि त्याच राजाच्या पालेर्मोच्या महालातल्या प्रार्थनाघराचं लाकडी छत अरबी शैलीचं, त्यावर अरबी अक्षरं. त्याच्याच दरबारात अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसीने जगाचा नकाशा आणि भूगोलाचा ग्रंथ तयार केला, तो ११५४ मध्ये पुरा झाला. तू इतकी वर्षं नववीला क्रुसेड, ती ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धं, शिकवलीस. हे मोझेक लागत होतं तेव्हा दुसरं क्रुसेड चालू होतं, बघ. त्या पुस्तकाच्या दोन पानांपुढे तू उभी असताना मला तुझ्या शेजारी असायचंय. २०१५ मध्ये हे कॅथेड्रल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आत जाताना खांदे झाकलेले लागतात, ओढणी पुरेल.

गल्लीत एका जिन्याने खाली उतरलं की जुना धोबीघाट लागतो. सिंहाच्या तोंडांतून पाणी दगडी कुंडांत पडतं. बायका इथे कपडे धूत.

जायचं कसं, तेही ठरवलंय. मुंबईहून रोम, आणि रोमहून रात्रीची आगगाडी. परतताना पालेर्मोहून विमान. आगगाडी अशासाठी की सिसिली बेट आहे आणि मेसिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही. अलीकडच्या किनाऱ्यावर व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे डबे सुटे करतात आणि जहाजाच्या पोटातल्या रुळांवर शेजारी शेजारी ढकलतात. पलीकडे मेसिनाला ते पुन्हा जोडतात. आपण डब्यातून उतरून डेकवर जायचं आणि समोरून येणारं बेट बघायचं. यासाठी एक रात्र बर्थवर काढायला मी आनंदाने तयार आहे.

महिना सप्टेंबरअखेर. ऑगस्टमध्ये सगळी इटली समुद्रावर लोटते, १५ ऑगस्टच्या सणाला तर पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरअखेरीला गर्दी ओसरते, पाणी मात्र अजून उबदार असतं. आपले गणपतीही झालेले असतील आणि घट बसायला अवकाश असेल. पितृपक्षात कुणाची लग्नकार्यंही नसतात.

जेवणाची मला मुळीच काळजी नाही. तुला तारल्या आवडतात; तिथे तारली, बडीशेपेचा पाला, बेदाणे आणि पाइनचे दाणे घालून पास्ता करतात. मला वांगी आणि टोमॅटोची आंबटगोड कापोनाता. शिवाय पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. फक्त भाताचे तळलेले गोळे घेताना मला विचारून घ्यावं लागेल. लोण्याचे म्हणून मिळतात त्यांत बहुतेकदा हॅम असतं.

तुझ्या गुडघ्यांसाठी खोली गावातच, खालच्या मजल्यावर बघतेय. जुन्या घरांचे जिने उभे असतात. ला रोक्कावर सकाळी लवकर निघू, वरच्या डायना देवीच्या जुन्या देवळापर्यंत जमलं तर उत्तम, नाही तर खालीच बसू.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत करता येतो, म्हणून एप्रिलमध्येच करून टाकू. शुल्क ९० युरो, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. तुझ्या पेन्शनच्या खात्याचा उतारा आणि आयकर विवरणपत्रं काढून ठेव. बोटांचे ठसे द्यायला दोघींना जातीने जावं लागेल, तेव्हा दोन दिवस माझ्याकडे राहायलाच ये.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू लागतो. आज कपाट उघडून तुझ्या पासपोर्टची मुदत बघ आणि फोन कर. नूतनीकरण लागणार असेल तर या आठवड्यातच अर्ज टाकू. टूरवाल्यांना आगाऊ रक्कम देऊ नकोस.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
माधवी