नायगाराच्या लिस्टमध्ये हे म्युझियमही घाला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आम्ही इथे डेलावेरमध्ये रोज ऑनलाइन वाचतो आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आईबाबाही वाचतात, म्हणून हे पत्र खास त्यांच्यासाठी छापा अशी विनंती. नायगारा, न्यूयॉर्क, लाँगवुड गार्डन हे सगळ्यांचंच होतं, पण लाँगवुडच्या अगदी जवळ पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डला ब्रँडीवाइन म्युझियम आहे, नदीकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत केलेलं, तिथे जोसेफ स्टेला या इटालियन-अमेरिकन चित्रकाराच्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन होतं, ते 24 सप्टेंबर 2023 ला संपलं. म्युझियम मात्र मुलांच्या मागे लागून बघाच.

स्टेला 1877 मध्ये दक्षिण इटलीत मुरो लुकानो नावाच्या डोंगरातल्या गावात जन्मला. 1896 मध्ये न्यूयॉर्कला आला, मोठा भाऊ इथे डॉक्टर होता, यानेही डॉक्टरच व्हायचं असं ठरलेलं, पण ते सोडून चित्रकला शिकायला लागला (आपल्याकडे अजूनही यावरून घराघरात केवढं रामायण होतं). ब्रुकलिन ब्रिजच्या चित्रामुळे तो जास्त माहितीये, पण ते लोखंड आणि ते दिवे रंगवत होता साधारण त्याच सुमारास, 1919 मध्ये, त्याने स्वतःच्या आयुष्याचं झाड रंगवलं, खोड जुनाट पिळवटलेलं आणि भोवती फुलांची, पक्ष्यांची नुसती दाटी, कुठे बघावं कळत नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते 1927 च्या 'पुरिसिमा'समोर. मधे येशूची आई मेरी उभी, दोन्ही बाजूंना पांढरे बगळे, मोठाल्या लिली आणि मागे इटलीतल्या नेपल्सचा समुद्र आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी. गाव सोडून तीस वर्षं झाली होती त्याला, अधूनमधून तो जायचा परत. फुलं बघायला न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचा आणि मग इथली झाडं, तिथला समुद्र, कुठलेतरी गरम देशातले पक्षी सगळं एकाच चित्रात आणायचा. त्याला यातलं काही सोडावंसं वाटलं नाही आणि म्हणूनच ही चित्रं स्वप्नासारखी दिसतात असं मला अगदी मनापासून वाटतं. मुलगा अमेरिकेत जाऊन आपलं सगळं विसरला असं ज्या आईबाबांना वाटतं त्यांनी तर हे चित्र बघायलाच हवं.

आणि एक, चांदीच्या तारेने काढलेली त्याची फुलांची चित्रं कुठे बघायला मिळाली तर घाईघाईत सोडू नका. कागदाला आधी पांढरा लेप देतात आणि मग त्यावर चांदीची बारीक तार ओढतात, रेघ चुकली की खोडता येत नाही, आणि हवेने चांदी काळवंडते तशी ती रेघही हळूहळू तपकिरी होते. देठावरचा बाक, पाकळीची दुमडलेली कड, सगळं त्या केसाएवढ्या रेघेत.

तुमच्या प्रवासाच्या पानावर अमेरिकेच्या सहलींची माहिती येते त्यात अशी लहान गावांतली म्युझियमंही द्या ना, कधी काय लागलंय आणि कधी संपतंय एवढं दिलंत तरी पुष्कळ. अशी चित्रं बघायला जाताना जवळचा चष्मा मात्र आठवणीने न्या, ती चांदीची चित्रं लांबून नीट दिसत नाहीत.

आपली,
एक वाचक, डेलावेर