भ्यालेला नायक मुलांना वाचू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी अशी सूचना केली आहे की, बालपुरवणीत यापुढे ‘रडक्या आणि भित्र्या’ पात्रांच्या कथा छापू नयेत. मुलांपुढे भीती म्हणजे काय हेच ठाऊक नसलेले नायक असावेत, म्हणजे मुले आपोआप धीट होतील. पत्रलेखकांची कळकळ खरी आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवल्यावर आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी गावच्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवत असताना माझा जो अनुभव आहे, तो या सूचनेच्या नेमका उलट असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

महाभारताच्या विराटपर्वातील राजपुत्र उत्तर आपल्याकडे बढाईखोर म्हणूनच ओळखला जातो. कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या, राजा स्वतः दुसऱ्या बाजूला त्रिगर्तांशी लढायला गेलेला, आणि हा अंतःपुरात बायकांच्या घोळक्यात बसून सांगतो आहे की, एक चांगला सारथी मिळाला असता तर कौरवांना दाखवले असते. सारथी म्हणून राजवाड्यातली नृत्यशिक्षिका बृहन्नडा मिळते. उत्तराची बहीण उत्तरा त्यांना निघताना आपल्या बाहुल्यांसाठी कौरवांची रंगीत वस्त्रे आणायला सांगते. पुढे भीष्म, द्रोण, कर्ण यांचे सैन्य नजरेस पडताच उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो आणि तो धनुष्य टाकून, रथातून उडी मारून पळत सुटतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्यामागे धावून शंभर पावलांवर त्याचे केस धरतो, तेव्हा हा राजपुत्र गयावया करत त्याला सोने, रत्ने, हत्ती देऊ करतो.

इथवरचा भाग आपण सगळे हसत हसत सांगतो आणि थांबतो. खरी गोष्ट त्यापुढे आहे. लढता येत नसेल तर निदान लगाम धर, असे अर्जुन त्याला सांगतो. मग शमीचे झाड येते. त्यावर प्रेत बांधलेले आहे असे उत्तराने ऐकलेले असते, त्यामुळे तो आधी कुरकुरतो, पण शेवटी झाडावर चढून पांडवांनी तिथे लपवलेली शस्त्रे खाली काढतो. अर्जुनाने शंख फुंकताच त्याची पुन्हा गाळण उडते आणि तो रथातच बसकण मारतो. अर्जुन त्याला पुन्हा धीर देतो आणि रथ पुढे जातो. भीती एकदा गेली की गेली, असे व्यासांनी कुठेही म्हटलेले नाही. ती परत परत येते आणि दर वेळी उत्तर लगाम पुन्हा हातात घेतो. माझ्या मते मात्र त्याची खरी कसोटी रणांगणावर लागतच नाही, ती लागते बापाच्या दरबारात. विराट मुलाच्या पराक्रमाने इतका फुगलेला आहे की, बृहन्नडेचे नाव घेणाऱ्या कंकाच्या म्हणजे युधिष्ठिराच्या तोंडावर त्याने फासा फेकून मारला आहे आणि त्याच्या नाकातून रक्त आले आहे. विजय आपलाच म्हणून सांगण्याची मुभा अर्जुनाने उत्तराला आधीच दिलेली असते. अशा भरलेल्या दरबारात हा मुलगा सांगतो की गाई मी सोडवल्या नाहीत, शत्रूला मी जिंकले नाही, मी तर भिऊन पळत होतो आणि एका देवपुत्राने मला परत फिरवले.

काही महिन्यांपूर्वी वाचनालयासाठी मुलांचे एक संक्षिप्त महाभारत आले. प्रकाशकाचे नाव घेत नाही, कारण हा दोष एकट्या त्यांचा नाही. त्यात उत्तराचे पळणे दोन ओळींत उरकले आहे आणि दरबारातली कबुली तर गाळूनच टाकली आहे. म्हणजे विनोद तेवढा राहिला आणि ज्यासाठी तो विनोद रचला होता ते गेले.

दुसरे उदाहरण आमच्याच तालुक्यातले आहे. पालगडच्या साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले, त्यातील पोहण्याचा प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. (श्यामला कल्पित पात्र म्हणावे की नाही, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत अनेकदा वाद झाला आहे, मी त्याला पात्रच मानतो, कारण स्वतःला इतक्या अलिप्तपणे माळ्यावर लपलेले दाखवणे ही लेखकाची कारागिरी आहे.) कोकणातल्या विहिरी पावसाळ्यात किती वर येतात आणि ते काळे-हिरवे पाणी लहान मुलाला कसे दिसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला श्यामची भीती समजावून सांगावी लागत नाही. श्याम माळ्यावर लपतो, आई शिंपटी घेऊन त्याला शोधून काढते, मार देते, मुलगा रडत विहिरीवर जातो आणि पाण्यात पडतो. श्यामला लोकांनी भित्रा म्हणू नये, हे त्या माउलीच्या मनात आहे आणि पाठीवरचे वळ पाहून तिच्याच काळजाचे पाणी होते. आजच्या आईने असे मारावे असे मी मुळीच सुचवत नाही; एका पालकांनी मला तसे विचारले होते म्हणून एवढे स्पष्टीकरण. मुद्दा असा की, गुरुजींनी माळ्यावरचा तो वेळ गाळला असता, तर श्यामचे पोहणे ही केवळ एक बातमी उरली असती. तरीही दरवर्षी उत्तरपत्रिकांत ‘श्याम हा धीट मुलगा होता’ हे वाक्य मी शेकड्यांनी वाचले, आणि मार्गदर्शिकेतले उत्तर तेच असल्यामुळे त्याला नाइलाजाने गुणही दिले.

पत्रलेखकांनी निडरपणाचा आदर्श म्हणून फास्टर फेणेचे नाव घेतले आहे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा मलाही अतिशय प्रिय आहे, पण तो हडकुळा आहे हे विसरून चालणार नाही. त्याच्याकडे सायकल आहे, डोके आहे आणि जिभेवरचा तो ‘ट्टॉक’ आहे. समोरच्या दांडगटाला लोळवण्याइतके बळ त्याच्याजवळ नाही, म्हणूनच तर आपण श्वास रोखून पान उलटतो.

मोठ्यांच्या साहित्यातही याहून वेगळे दिसत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या 1967 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात लीला बेणारे सुरुवातीला किती हसते, किती थट्टा करते! गंमत म्हणून मांडलेला अभिरूप खटला हळूहळू खराच तिच्यावर उलटतो, भ्रूणहत्येच्या आरोपाआडून तिचे खाजगी आयुष्य उघडे केले जाते. ती उठून बाहेर जायला निघते तेव्हा दार उघडत नाही, कारण बाहेरची कडी लागलेली असते. त्याच दाराच्या कडीत पहिल्या अंकात तिचे बोट चेमटलेले प्रेक्षकांनी पाहिलेले असते. तेव्हा ते किरकोळ वाटते. शेवटी न्यायालय तिला बोलण्यासाठी दहा सेकंद देते, आणि त्या दहा सेकंदांत तिचे ते दीर्घ स्वगत येते, ज्या वेळी रंगमंचावरचे बाकी सगळे गोठलेले असतात. ते प्रेक्षकांखेरीज कोणीही ऐकत नाही. सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका साकारली, आणि ज्यांनी ती पाहिली ते आजही त्याविषयी बोलतात. बेणारे जिंकत नाही. शिक्षा व्हायची ती होतेच. तरी तिला भित्री म्हणण्याची छाती कोणाची आहे?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तली शेकूची बायको तर भाषणही करत नाही. औताला एकच बैल आहे, दुसरा मिळत नाही, तेव्हा ती जुवाच्या मोकळ्या बाजूला स्वतःचा खांदा देते. पेरणी हुकली तर वर्षभर पोटाचे काय, ही भीती तिने बोलून दाखवावी असे माडगूळकरांना वाटले नाही. बैलाशेजारी चालणारी बाई दिसल्यावर ते सांगण्याची गरजही उरत नाही.

भीती ठाऊकच नसलेल्या नायकाची गोष्ट मी मुलांना वाचून दाखवली नाही असे नाही. मुले ती ऐकतात, टाळ्याही वाजवतात, पण त्या गोष्टीनंतर कोणी प्रश्न विचारत नाही. रात्री अंगणातल्या न्हाणीपर्यंत एकट्याने जायला घाबरणाऱ्या मुलाने अशा नायकाशी बोलावे तरी काय? उलट श्याम माळ्यावर सापडतो तिथे पोचले की कोणीतरी हळूच सांगते की आमच्याकडे माळा नाही, मी कपाटामागे लपतो.

म्हणून माझी विनंती अशी की, बालपुरवणीत भित्र्या पात्रांना जागा असावी आणि जुन्या कथा संक्षिप्त करताना आपल्या संपादकीय विभागाने कात्री लावायचीच झाली, तर ती युद्धाच्या वर्णनांना लावावी. बाण किती सुटले हे मुले दुसऱ्या दिवशी विसरतात.

दोन शनिवारांपूर्वी मी ते संक्षिप्त पुस्तक बाजूला ठेवून विराटपर्वातला हा भाग घरच्या जुन्या भाषांतरातून वाचला. उत्तर रथातून उडी मारतो तिथे अपेक्षेप्रमाणे हशा पिकला. एकाने तर सतरंजीवरून दाराकडे पळून दाखवले. दरबाराचा भाग सुरू झाला तसा आवाज कमी होत गेला. पळून दाखवणारा तोच मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने विचारले, “मग त्याचे बाबा त्याला रागावले नाहीत?”

मी पान उलटून पाहिले. विराट रागावत नाही. तो देवपुत्र कुठे आहे, एवढेच विचारतो. ते ऐकल्यावर मुलगा परत येऊन सतरंजीवर बसला आणि म्हणाला, “पुढचं वाचा.”

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक
ता. दापोली, जि. रत्नागिरी