'पॉइन्यंट' म्हणजे सरसकट 'हृदयद्रावक' नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतल्या 'पॉइन्यंट' (poignant) या विशेषणासाठी अनुवादांत आणि पुस्तक-परीक्षणांत डोळे मिटून 'हृदयद्रावक' लिहिण्याची सवय आपल्याला लागली आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. 'हृदयद्रावक' हा आकांताच्या जागी शोभणारा शब्द आहे. एखाद्या दुर्घटनेत कुटुंबच्या कुटुंब दगावते तेव्हा तो योग्यच ठरतो. पण अशा प्रसंगी इंग्रजी लेखक सहसा 'पॉइन्यंट' म्हणत नाही, 'हॅरोइंग' किंवा 'हार्टब्रेकिंग' म्हणतो.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'पुंगेरे', म्हणजे टोचणे, या क्रियापदात आहे. जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. 'पंक्चर' आणि 'पंजंट' (उग्र, झोंबणारा) हे त्याचेच सगोत्र. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने आपल्या 'कँटरबरी टेल्स' या कथाकाव्याच्या प्रास्ताविकात एका खवय्या जमीनदाराविषयी म्हटले आहे, की सॉस 'पॉइन्यंट' आणि झणझणीत नसला तर त्याच्या आचाऱ्याची धडगत नसे. आधी जिभेला झोंबणारा हा शब्द पुढे मनाला लागणाऱ्या गोष्टींसाठी रुळला. टोचणी मात्र त्यात आजही शिल्लक आहे आणि अनुवादात नेमकी तीच हरवते.

घर रिकामे करताना दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून केलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात. मुले आता मोठी होऊन दूर गेलेली असतात. येथे अनर्थ काहीच घडलेला नाही, उलट त्या खुणा सुखाच्या दिवसांच्याच आहेत, आणि ते दिवस पुन्हा येणार नाहीत हे त्याच क्षणी कळते म्हणून त्या लागतात. जिव्हाळा आणि सल असे एकाच जागी असले, की इंग्रजीत तो क्षण 'पॉइन्यंट' होतो. 'टचिंग'मध्ये हा सल असेलच असे नाही, आणि 'मूव्हिंग' तर विजयाच्या भाषणालाही चालतो.

वापराचेही काही संकेत आहेत. आठवण, पत्र, दृश्य, निरोप, प्रसंगी मौनसुद्धा 'पॉइन्यंट' असते. ज्या माणसाला ती गोष्ट लागते, त्याच्यासाठी मात्र हे विशेषण वापरत नाहीत. त्यामुळे 'मला पॉइन्यंट वाटते आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य कानाला खटकते. उच्चारात 'ग' नाही, तरी 'पॉइग्नंट' वारंवार ऐकू येते. याच्या जागी 'पॅथेटिक' वापरणे तर अनर्थकारक आहे. १८५६ मध्ये इंग्रज समीक्षक रस्किनने 'पॅथेटिक फॅलसी' (निसर्गावर मानवी भावना लादणे) ही संज्ञा रूढ केली तेव्हा त्या विशेषणाचा संबंध भावनेशी होता. आज कोणाच्या दिवंगत वडिलांवरील लेखाला 'पॅथेटिक' म्हटले, तर तो केविलवाणा आणि टाकाऊ आहे असाच अर्थ निघेल.

मराठीत या छटेसाठी शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. 'चटका लावणारा' मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यातही शरीराला होणारी वेदनाच मनाकडे गेलेली आहे. आठवण कोवळी असेल तर 'हुरहूर लावणारी' म्हणता येते, काही करायचे राहून गेले असेल तर 'रुखरुख लावणारी'. 'मर्मभेदी' मात्र जपून वापरावा. त्यात घाव आहे, माया नाही. कोशातला पहिला प्रतिशब्द उचलण्याआधी त्या वाक्यात कोणती माया आहे आणि काय सलते आहे, एवढे अनुवादकांनी आणि परीक्षकांनी पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
अनुवादाचे काम करणारा एक वाचक