पुराआधी गोळ्या मोजून घ्या

गृहभेटीला जाणाऱ्या सर्व सदस्यांना,

पंचगंगा पात्राबाहेर पडली की आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडं जाणं अवघड होतं. तिथल्या रुग्णांकडं मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध) किती दिवसांचं उरलंय, ते याच आठवड्यात बघा. ते कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मिळत नाही आणि त्याची साधी गोळी दर 4 तासांनी लागते. दुखणं उठेपर्यंत थांबलं, तर मग आवरत नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. नाहीतर खडा धरतो आणि घरचे गोळीच बंद करतात.

शेवटच्या दिवसांत रुग्णाला गिळता येत नसेल तर चमच्यानं पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जातं. ओल्या गॉजनं ओठ, जीभ पुसा. ‘पाण्यावाचून गेले’ ही सल घरच्यांना फार छळते. आधीच समजावून सांगा.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, तेव्हा घरच्यांना भेटायला जरूर जा. उरलेलं मॉर्फिन केंद्रात परत करायलाही सांगा.